विरळ हवेत फुटणाऱ्या लहरी

हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा जोरदार वारा अँडीज पर्वताच्या दक्षिण भागावर आदळतो, तेव्हा वर ढकललेली हवा थंड व जड होऊन खाली येते, मूळ पातळीच्याही खाली जाते आणि पुन्हा वर उसळते. या हेलकाव्यांतून उठणाऱ्या लहरींना गुरुत्व लहरी म्हणतात. (कृष्णविवरांच्या टकरीतून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी निराळ्या, नावांतले हे साम्य जरा त्रासदायकच आहे.) उंच गडगडाटी ढगांतूनही अशा लहरी निघतात.

वर जाताना लहर क्षीण होत जाईल असे आपल्याला वाटते, पण घडते उलटेच. दर 16 किलोमीटरला हवेची घनता सुमारे एक दशांश होते. लहरीची ऊर्जा तेवढीच राहिली, तरी ती वाहणारी हवा हलकी होत गेल्याने तिचा झोका त्याच अंतरात सुमारे तिप्पट होतो. म्हणजे 80 किलोमीटरवर जमिनीलगतच्या जवळजवळ तीनशे पट.

अर्थात, सगळ्याच लहरी तिथवर पोहोचत नाहीत. लहरीच्या दिशेने वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग जिथे तिच्या वेगाइतकाच होतो, त्या पातळीवर वारा तिला गिळून टाकतो. पर्वतामुळे उठलेली लहर जमिनीच्या संदर्भात जागची हलत नसल्याने, वारा शून्यावर आला की तिची वाट तिथेच संपते. उष्णता प्रारणाने बाहेर पडल्यामुळेही थोडी ऊर्जा झिजते. उरलेल्या लहरी मध्यांबरात (सुमारे 50 ते 85 किलोमीटर उंचीवरच्या थरात) इतक्या वाढतात की जड हवा हलक्या हवेच्या डोक्यावर चढते आणि उथळ किनाऱ्यावरच्या लाटेप्रमाणे त्या फुटतात. ऊर्जा खळबळीत आणि शेवटी उष्णतेत जाते. जी थोडी लहर सुमारे 110 किलोमीटरच्याही वर निसटते, तिला त्या अतिविरळ हवेची श्यानता, म्हणजे हवेतले अंतर्गत घर्षण, संपवते. साधारण 87 किलोमीटरवर हवेचा एक मंद उजेड देणारा थर असतो. त्यात उमटलेले या लहरींचे पट्टे कोल्हापूरजवळच्या पन्हाळ्यावरील कॅमेऱ्यांनीही टिपले आहेत.

फुटणारी लहर ऊर्जेबरोबर आपला संवेगही तिथल्या वाऱ्याला देते, आणि माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे. उन्हाळ्यात स्थितांबरातले, म्हणजे मध्यांबराच्या खालच्या थरातले, वारे पश्चिमेकडे वाहतात, त्यामुळे पश्चिमेकडे जाणाऱ्या लहरी खालीच अडतात आणि पूर्वेकडे जाणाऱ्या पुढे निघतात. त्यांच्या धक्क्याने उन्हाळी ध्रुवावरची हवा विषुववृत्ताकडे सरकते, तिची जागा घ्यायला खालची हवा वर चढते, प्रसरण पावते आणि थंड होते. म्हणून चोवीस तास ऊन असलेल्या ध्रुवावर, सुमारे 88 किलोमीटर उंचीवर, तापमान उणे 130 अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते, आणि त्याच्या जरा खाली, 83 किलोमीटरच्या आसपास, बर्फाच्या सूक्ष्म कणांचे निळसर ढग तयार होतात, जे ध्रुवापासून थोडे दूर, जिथे सूर्य मावळतो तिथे, सूर्य मावळल्यानंतरही चमकताना दिसतात.