वाइनमध्ये पाणी घालणे हा अपमान नव्हे

क्रोएशियाच्या बेटांवर जाणाऱ्या प्रवाशांना एक सूचना हमखास दिली जाते: यजमानाने दिलेल्या वाइनमध्ये पाणी घालू नये, तो त्याचा अपमान ठरतो.

वस्तुस्थिती जवळपास उलट आहे. डाल्मेशिया या क्रोएशियाच्या किनारी प्रदेशात आणि त्यातील ह्वार, ब्राच, व्हिस या बेटांवर लाल वाइनमध्ये साधे पाणी मिसळून पिण्याची जुनी रीत असून त्या पेयाला ‘बेवांदा’ असे स्वतंत्र नावच आहे. तेथील ‘प्लावात्स माली’ या द्राक्षाला उन्हाळ्यात भरपूर ऊन मिळते, त्यामुळे फळात साखर वाढते आणि वाइन बरीच तीव्र होते. भर दुपारच्या जेवणासोबत ती सौम्य करून घेणे सोयीचे ठरते. इ. स. पू. 384 मध्ये ह्वारवर वसाहत करणारे ग्रीकही वाइन पाणी मिसळूनच पीत, मात्र आजची रीत थेट त्यांच्याकडूनच आली असे एवढ्यावरून म्हणता येत नाही.

हा समज पूर्णपणे निराधार आहे, असेही नाही. यजमानाने खास जपलेली बाटली उघडली, तर पहिला घोट तसाच घेणे शिष्टसंमत ठरते.

पडताळणीसाठी ‘कोनोबा’ म्हणजे स्थानिक खाणावळीत बेवांदा मागून पाहावे, किंवा शेजारच्या टेबलावरील वयस्कर मंडळींच्या पेल्यांजवळ पाण्याचा तांब्या आहे का, एवढे पाहिले तरी पुरे.