ग्वोझ्जेत्सचं रंगीत छत

युरोपातला ज्यू कलावारसा म्हटलं की प्राग, व्हेनिस अशी शहरं आठवतात. पण त्यातलं एक अव्वल काम ग्वोझ्जेत्स नावाच्या छोट्या गावात झालं. गाव तेव्हा पोलंड-लिथुएनियाच्या राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. तिथलं लाकडी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 17व्या शतकातलं. पुढच्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचं आतलं छत तंबूसारखं उंच उचललं गेलं आणि जवळजवळ सगळंच रंगवून काढलं गेलं. बारा राशी, सिंह, पक्षी, वेली, आणि मधेमधे हिब्रू प्रार्थना. अंगावर येणारा हा रंगोत्सव गावातल्या सामान्य माणसांसाठी होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

19व्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाचे चित्रकार इझिडोर काउफमान यांनी आतला भाग रंगात टिपून ठेवला. पहिल्या महायुद्धाआधी वास्तुविशारद अलॉइस ब्रायर यांनी फोटो काढले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वॉर्सा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक ऑस्कर सोस्नोव्हस्की यांच्या मार्गदर्शनाखाली पोलंडभर हिंडून अशी लाकडी सिनेगॉग मापून काढली. मग नाझी आले. पोलंडमधल्या सुमारे 33 लाख ज्यूंपैकी 30 लाखांच्या आसपास मारले गेले आणि लाकडी सिनेगॉगही जवळजवळ सगळी गेली. ग्वोझ्जेत्सचंही राहिलं नाही. सोस्नोव्हस्की 1939 मध्ये वॉर्साच्या वेढ्यात मृत्युमुखी पडले. युद्धातून बचावलेल्या त्या आराखड्यांवरून मारिया आणि काझिमिएझ पिएखोत्का या वास्तुविशारद दांपत्याने 1957 मध्ये या लाकडी सिनेगॉगवरचा ग्रंथ सिद्ध केला.

ग्वोझ्जेत्सचं छत पुन्हा उभारताना तो पायाभूत ठरला. 2011 मध्ये अमेरिकेतल्या हँड्सहाउस स्टुडिओ या शैक्षणिक संस्थेने पोलंडमधल्या सानोकला छताचा सांगाडा जुन्या पद्धतीने, हाताच्या अवजारांनी उभारला. रंगकाम पोलंडमधल्या वेगवेगळ्या गावांतल्या, टिकून राहिलेल्या सिनेगॉगमध्ये चाललं. विद्यार्थी आणि स्वयंसेवक फळीफळीवर रंग चढवत होते. रंग नैसर्गिक, बांधणीला प्राण्यांच्या कातड्याचा सरस, पूर्वीसारखाच.

अशा पुनर्रचनेला नक्कल म्हणून हिणवणं मला पटत नाही. मूळ वास्तू परत येत नाही हे खरं, पण तुळया कशा जोडायच्या, रंग कसा घोटायचा, ही गेलेली विद्या हातात आल्याशिवाय ते छत उभंच राहिलं नसतं. मूळच्या सुमारे 85 टक्के आकाराचं हे छत आता वॉर्सातल्या पोलिन या पोलंडच्या ज्यूंच्या इतिहासाच्या संग्रहालयात, 2014 मध्ये खुल्या झालेल्या कायमस्वरूपी प्रदर्शनात आहे. संग्रहालयाची जागा नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सा घेटोचीच.