‘आरएच’ कुणाचा? माकडांच्या टिश्यू टायपिंगची पार्श्वभूमी

मराठवाड्यात किडनी प्रत्यारोपणाची फाइल हातात आली की नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, “किती मॅच झालं?” आई दाता असेल तर ए, बी आणि डीआर या पेशींवरच्या ओळखखुणा (एचएलए), प्रत्येकी दोन, मिळून सहापैकी निदान तीन जुळतातच, कारण प्रत्येक लेकराकडे आईचा अर्धा वाटा आलेला असतो. हेच मोजमाप प्रत्यारोपणाच्या संशोधनासाठी माकडांना लावायचं ठरलं आणि तिथून गुंता सुरू झाला.

माणसातला पहिला पांढऱ्या पेशींचा अँटिजेन, म्हणजे अशी ओळखखूण, १९५८ साली नोंदला गेला. १९६४ मध्ये या खुणांची तपासणी, म्हणजे टिश्यू टायपिंग, इवल्याशा ट्रेवर आली. खळग्यात तेलाखाली एक मायक्रोलिटर सीरम (अँटिबॉडी असलेला रक्तातला द्रव), त्यात तेवढ्याच मापाच्या द्रवात लिंफोसाइट या पांढऱ्या पेशी, मग सशाचं कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी बसलेली पेशी मारणारी रक्तातली प्रथिनं). अँटिबॉडी बसली की पेशी मरते आणि तिच्यात रंग शिरतो. जिवंत पेशी चमकत राहते. हा ट्रे, ही पिपेट, हा मायक्रोस्कोप माकडाच्या रक्तालाही चालला. अडलं ते सीरमवर. माणसाचं टायपिंग सीरम मिळे अनेक बाळंतपणं झालेल्या बायांकडून. माकडांत ते मुद्दाम तयार करावं लागलं: एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्यावर लावायचा, तो झडला की रक्त काढायचं. या कामाच्या इतिहासात हा भाग एका ओळीत उरकतात. तसं करू नये. जनावरांनी सोसलं ते नोंदीत राहिलंच पाहिजे.

आता नावाचं. १९४० साली लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडाचं रक्त सशांना टोचून मिळालेल्या अँटिबॉडीवरून माणसाच्या रक्तातल्या घटकाला ‘आरएच’ म्हटलं गेलं. पुढे कळलं की सशाची अँटिबॉडी ओळखत होती तो अँटिजेन वेगळाच, त्याला ‘एलडब्ल्यू’ नाव मिळालं. तोवर ‘आरएच निगेटिव्ह’ घरोघरी पोचलं होतं, ते बदललं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ऱ्हीससच्या टिश्यू अँटिजेनांना ‘आरएचएलए’ म्हणू लागले. इथला ‘आरएच’ म्हणजे नुसतं माकडाचं नाव. रक्तगटाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरी रक्तपेढीत बसणाऱ्याची पहिली समजूत तीच होते. माझीही झाली होती. त्यात ‘एलए’ जोडल्यामुळे वाटतं, एचएलएचाच हा माकडी अवतार, म्हणजे त्याचा ए तो ह्याचा ए. १९९० साली प्रजातीच्या शास्त्रीय नावातली (मकाका मुलाटा) अक्षरं घेऊन ‘मामू’ हा उपसर्ग आला. काहींना तो उगाच खटाटोप वाटला. माझ्या मते तो वीस वर्षं उशिरा आला.

कारण जनुकं वाचता येऊ लागल्यावर फरक उघडा पडला. माणसाच्या एका क्रोमोसोमवर ए, बी, सी अशी एकेक जागा असते. ऱ्हीससमध्ये सी नाहीच, आणि ए-बी जातीच्या प्रती अनेक, त्याही प्रत्येक हॅप्लोटाइपवर (आईकडून किंवा बापाकडून एकत्र आलेल्या जनुकांच्या संचावर) सारख्या संख्येने नाहीत. सहापैकी किती, हा हिशेब मांडणार कशावर? मग एकेका अँटिजेनऐवजी आईबापाकडून आलेला अख्खा हॅप्लोटाइप मायक्रोसॅटेलाइट खुणांनी (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांनी) माग काढून जुळवू लागले. मॉरिशसमधली लांब शेपटीची माकडं त्यासाठी सोयीची ठरली, कारण मोजकेच पूर्वज असल्याने त्यांच्यात मुख्य हॅप्लोटाइप सातच. २००९ च्या सुमाराला डीएनए वाचण्याच्या नव्या पद्धतीने, सिक्वेन्सिंगने, सगळ्या प्रती एका फेरीत वाचता येऊ लागल्या.

भारताने माकडांची निर्यात १९७८ साली थांबवली. त्यामुळे परदेशी प्रयोगशाळा आपल्या वसाहतीतल्या पैदाशीवर आणि चिनी माकडांवर गेल्या. भारतीय ऱ्हीससमध्ये नेहमी दिसणारा ‘मामू-ए*०१’ हा ए जनुकाचा प्रकार चिनी ऱ्हीससमध्ये क्वचित सापडतो. आपल्याकडे तर गोदावरी हीच ऱ्हीसस आणि दक्षिणेतल्या बॉनेट माकडाची जुनी हद्द मानली जायची, आणि ऱ्हीसस आता ती ओलांडून खाली सरकतो आहे. नमुन्याच्या बाटलीवर नुसतं ‘माकड’ लिहून भागत नाही. प्रजाती लिहावी लागते, मूळही.