अल्ट्राव्हायोलेटमध्ये चंद्राचा दगड आणि आपला दगड

चंद्राचे निळे-तांबूस फोटो बघून बरेच जण सरळ फोटोशॉप म्हणून मोकळे होतात. रंग वाढवलेले असतात हे खरंय, पण फरक मुळातच आहे, शांतिसागर या चंद्रावरच्या थिजलेल्या लाव्हाच्या मैदानातल्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम जास्त म्हणून तो भाग निळसर. अल्ट्राव्हायोलेटमध्ये (यूव्ही, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) तर अजून मजा आहे.

1910 मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी यूव्हीत चंद्राचे फोटो काढले तेव्हा अॅरिस्टार्कस विवराजवळ एक काळा डाग दिसला. मग त्यांनी पृथ्वीवरच्या दगडांचेही तसेच फोटो काढले, सल्फरचा पातळ थर असलेला दगड जुळला म्हणून तिथे सल्फर असावं असं त्यांना वाटलं. सल्फरचं काही टिकलं नाही, पण दगडाशी दगड ताडून बघायची पद्धत आजही तीच.

आता खरी गंमत. हिरवी बाटली कुटली की पूड पांढुरकी दिसते, कारण बराचसा प्रकाश काचेत खोल न जाता कणांच्या पृष्ठभागावरूनच परततो. साध्या प्रकाशात खनिजाचे कण थोडेफार पारदर्शक असतात, प्रकाश आत फिरून रंग घेऊन बाहेर येतो. फार यूव्हीत, म्हणजे तरंगलांबी 200 नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) खाली गेली की, तेच कण जवळजवळ अपारदर्शक होतात आणि जे काही परत येतं ते फक्त वरच्या सालीवरून. म्हणजे सालीवर काय बसलंय त्यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे हवा-पाण्याने दगडातलं लोह गंजतं, आणि गंज निळा नि यूव्ही प्रकाश जबरदस्त शोषतो. चंद्रावर गंज जवळपास नाहीच, तिथे सौरवारा (सूर्याकडून सतत येणारे विद्युतभारित कण) आणि बारीक उल्का कणांवर शुद्ध लोहाचे नॅनोमीटरभर ठिपके चढवतात. साध्या प्रकाशात त्यांनी माती काळपट-तांबूस होते, यूव्हीत मात्र ताज्या फोडलेल्या दगडाचं परावर्तन जसं एकदम उतरतं तसं मातीचं उतरत नाही, आलेख सपाट होतो. म्हणून अपोलोने आणलेला दगड आणि तिथलीच माती यूव्हीत वेगळी वागतात. आणि डोळ्यांना काळे दिसणारे 'समुद्र' (शांतिसागरासारखी लाव्हाची मैदानं) फार यूव्हीत पर्वतांपेक्षा किंचित उजळ!

चांदण्यात ठेवलेले खडे 'चार्ज' होतात म्हणतात ती निव्वळ थाप आहे. चांदणं म्हणजे ऊनच, तेही पौर्णिमेला सुमारे 4 लाख पट मंद, आणि यूव्ही तर चंद्र अजूनच गिळतो.

2009 पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानावरचं लॅम्प हे उपकरण ताऱ्यांच्या उजेडात आणि अवकाशातल्या हायड्रोजनच्या 121.6 नॅनोमीटरच्या चमकेत ध्रुवांवरची कायम अंधारी विवरं बघतं. बर्फाचं परावर्तन साधारण 165 नॅनोमीटरखाली धाडकन पडतं, तीच खूण तिथे शोधतात.