रिगोलेत्तो

रिगोलेत्तो : जुझेप्पे व्हेर्दी (१८१३–१९०१) या इटालियन संगीतकाराचा तीन अंकी ऑपेरा. संहिता फ्रान्चेस्को मारिया पियावे याची. पहिला प्रयोग व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात ११ मार्च १८५१ रोजी झाला.

इटलीतील मांतोव्हाच्या रंगेल ड्यूकच्या पदरी रिगोलेत्तो हा कुबडा विदूषक आहे. लेकीची अब्रू गेली म्हणून दाद मागायला आलेल्या मोंतेरोने या वृद्ध सरदाराची तो भर दरबारात टर उडवतो आणि म्हातारा त्याला शाप देतो. रिगोलेत्तोलाही एक मुलगी आहे, जिल्दा. तिला त्याने जगापासून लपवून ठेवलेले असते. ड्यूक तिलाच नादी लावतो. रिगोलेत्तो ड्यूकला मारण्याची सुपारी देतो, पण ड्यूकवर जीव जडलेली जिल्दा त्याच्या जागी स्वतः मरण पत्करते.

कथेचे मूळ व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ल रवा सामुझ’ या नाटकात आहे. त्यात फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याचे चाळे दाखवल्यामुळे १८३२ मध्ये पॅरिसला एकाच प्रयोगानंतर त्यावर बंदी आली होती. त्यातला विदूषक व्हेर्दीला शेक्सपिअरच्या तोडीचा वाटला. प्रयोगाला पोलिसी सेन्सॉरची परवानगी मिळेल अशी पियावेची खात्री होती. पण व्हेनिस तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते आणि डिसेंबर १८५० मध्ये अनैतिक व अश्लील ठरवून संहिता फेटाळली गेली. पियावेने घाईघाईने सौम्य मसुदा केला. त्यात कुबड नव्हते, शाप बोथट झाला होता, शेवटी जिल्दाला ज्यात गुंडाळलेले असते ते पोतेही गेले होते. व्हेर्दीने तो साफ नाकारला. बाहेरून विद्रूप, हास्यास्पद आणि आतून मायेने ओथंबलेला माणूस रंगवणे हीच तर या विषयाची गोडी, असे त्याने नाट्यगृहाला कळवले. पोत्याशी पोलिसांचा काय संबंध, असेही विचारले. वर्षअखेर बुसेतो येथे तडजोड झाली. राजाचा ड्यूक झाला, फ्रान्सचे मांतोव्हा झाले, नावे बदलली. कुबड, शाप आणि पोते मात्र राहिले.

त्या पोत्याचे मोल शेवटच्या प्रवेशात कळते. रात्र, वादळ, नदीकाठ. वाऱ्याचे घोंघावणे पडद्यामागचे पुरुष गायक तोंड मिटून गुणगुणत उभे करतात. ड्यूकचे प्रेत समजून रिगोलेत्तो पोते नदीत लोटणार, इतक्यात दुरून ‘ला दोन्ना ए मोबिले’ ऐकू येते. स्त्री चंचल असते, असे सांगणारे हे ड्यूकचे उडते गाणे प्रेक्षकांनी याच अंकाच्या सुरुवातीला ऐकलेले असते. मग पोत्यात कोण? तो ते फाडतो. विजेच्या लखलखाटात मुलीचा चेहरा दिसतो. इतक्या हलक्याफुलक्या चालीने इतका हादरा क्वचितच दिला असेल. शाप तर प्रारंभीच्या वाद्यसंगीतातच, ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यांवर एकाच स्वराच्या आघातांतून, घुमू लागतो.

सुटी एकल गाणी ओवण्यापेक्षा व्हेर्दीने हा ऑपेरा युगुलगीतांच्या साखळीसारखा बांधला. तिसऱ्या अंकातील चौघांचे गीत हा त्याचा कळस मानावा लागेल : आत ड्यूक मारेकऱ्याच्या बहिणीशी लगट करतो, बाहेर जिल्दा उन्मळते, बाप सूड घोकतो, आणि चारही मने एकाच वेळी वेगळी ऐकू येतात.

पहिल्या प्रयोगात फेलिचे व्हारेसी (रिगोलेत्तो), तेरेसा ब्राम्बिला (जिल्दा) व राफाएले मिराते (ड्यूक) गायले. ऑपेरा १८५७ मध्ये पॅरिसलाही पोचला. ह्यूगोच्या मूळ नाटकाचा दुसरा प्रयोग मात्र तिथे १८८२ मध्ये, पहिल्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी झाला.