‘मले आवडते’ ते ‘आय लाइक’: आवडनिवड सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांची पार्श्वभूमी

वऱ्हाडातलं पोर ‘मले संत्रं आवडते’ म्हणतं, तेव्हा त्या वाक्याचा कर्ता संत्रं असतं. संत्री जास्त झाली की क्रियापद ‘आवडतात’ होतं, खाणारं पोर एकटंच असलं तरी. हेच वाक्य इंग्रजीत करताना गावच्या शाळेत ‘टू मी लाइक्स ऑरेंज’ असं निघतं. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, पण ही चूक का होते हे मुलांना क्वचितच सांगितलं जातं.

गंमत अशी की हजारेक वर्षांपूर्वीचं इंग्रजीही आपल्यासारखंच बोलायचं. ‘लाइक’चं जुनं रूप ‘लीकिअन’, अर्थ ‘रुचणे’. वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत. पुढे विभक्तीचे प्रत्यय झिजले. क्रियापदाच्या आधी येणारा शब्द तोच कर्ता असं वळण पडलं आणि साधारण चौदाव्या ते सोळाव्या शतकात माणूस कर्ता झाला. ‘मेथिंक्स’, म्हणजे ‘मला वाटते’, हा त्या जुन्या घडणीचा उरलेला तुकडा. म्हणून शिकवताना आधी ‘मले’चा ‘मी’ करून घ्यावा, मग इंग्रजी. ‘लाइक’ फक्त सवयीची आवड सांगतं; आत्ता चहा पाहिजे असेल तर ‘वुड लाइक’.

‘प्रिफर’ लॅटिनमधून आला: ‘प्रे’ म्हणजे पुढे, ‘फेरे’ म्हणजे नेणे. एक वस्तू दुसरीच्या पुढे ठेवायची, म्हणून त्याला ‘टू’ लागतं: ‘आय प्रिफर भाकर टू राइस’. आपल्या ‘पेक्षा’मुळे तिथे हटकून ‘दॅन’ येतो. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ हेही लॅटिन घराण्यातले, त्यांनाही ‘टू’च.

‘रादर’ची गोष्ट उलटी. जुन्या ‘रेद’चा अर्थ ‘लवकर’. ‘रादर’ म्हणजे ‘त्याहून आधी’. हे तुलनेचंच रूप, म्हणून इथे मात्र ‘दॅन’ बरोबर. ‘वुड’ सहायक असल्याने पुढचं क्रियापद ‘टू’शिवाय: ‘आय वुड रादर वॉक दॅन वेट फॉर द एसटी’.

आवड सांगणारे आणखी दोन शब्द: ‘फाँड’ मुळात ‘खुळा’, ‘कीन’ मुळात ‘शूर’. पहिल्याला ‘ऑफ’, दुसऱ्याला ‘ऑन’, आणि पुढे क्रियापद आलं तर दोन्हींना ‘इंग’.

‘इन्क्लिनेशन’, ‘बेंट’, ‘प्रोपेन्सिटी’ आणि फ्रेंचातून सतराव्या शतकात आलेला ‘पेन्चंट’ यांच्या मुळाशी झुकणं, वाकणं किंवा लोंबणं आहे. आपला ‘कल’ अगदी तोच, त्यामुळे हे शब्द लवकर कळतात. वापरात मात्र फरक आहे. ‘प्रोपेन्सिटी’ बहुधा वाईट खोडीसाठी येतो, त्यामुळे नोकरीच्या अर्जात वाचनाची आवड सांगायला तो नको. तिथे ‘फाँड ऑफ रीडिंग’ पुरतं.