तलवारी म्यान झाल्यानंतरची घरं

उत्तर जपानमधल्या अकिता प्रांतात काकुनोदाते नावाचं छोटं गाव आहे. काळ्या लाकडी कुंपणांच्या रुंद रस्त्यावर तिथे सामुराईंची घरं आजही उभी आहेत. चिलखतं बघायच्या ओढीनं लोक येतात, पण या घरांचा लढाईशी संबंध फार थोडा.

सोळाव्या शतकापर्यंत बरेच सामुराई खेड्यात राहायचे, शेतीवाडी बघायचे आणि हाक आली की शस्त्र उचलायचे. १५८८ मध्ये त्या वेळचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीनं शेतकऱ्यांची हत्यारं काढून घेतली. शेतकरी आणि योद्धा हे दोन वर्ग वेगळे पडत गेले आणि सामुराई किल्ल्यांच्या पायथ्याशी येऊन राहू लागले. पुढे १६१५ मध्ये तोकुगावा घराण्याच्या शोगुनांनी, म्हणजे देशाच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, एका प्रांतात एकच किल्ला ठेवायचा हुकूम काढला. काकुनोदातेचा डोंगरावरचा किल्ला पाडला गेला. १६२० मध्ये तिथला सरदार आशिना योशिकात्सुनं डोंगराखाली नवं गाव आखलं. उत्तरेला सामुराई, दक्षिणेला व्यापारी आणि मध्ये आग पसरू नये म्हणून सोडलेली मोकळी जागा. ही आखणी अजून ओळखू येते. १६५६ पासून इथला कारभार अकिताच्या संस्थानिक साताके घराण्याच्या उत्तर शाखेकडे गेला.

या शांततेच्या काळात सामुराई म्हणजे तांदळात पगार घेणारा कारकून. घराची जागा, फाटक, दर्शनी दार, सगळं हुद्द्यावर ठरे, थेट आपल्या सरकारी क्वार्टर्ससारखं. इशिगुरो घराण्याकडे साताक्यांच्या जमाखर्चाचं काम होतं. त्यांच्या घराला दोन दारं आहेत, मानाच्या पाहुण्यांचं वेगळं आणि रोजच्या वापराचं वेगळं. खालच्या हुद्द्यावरच्यांचं मात्र पगारात भागत नसे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते चेरीच्या सालीच्या डब्या करू लागले. त्या डब्या काकुनोदातेत आजही विकत मिळतात, आणि मला तरी तलवारींपेक्षा त्याच जास्त बोलक्या वाटतात.

१८७१ मध्ये संस्थानं खालसा झाली, १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली आणि वंशपरंपरागत पगारही बंद झाले. मग वाडे विकले गेले, पाडले गेले. कानाझावा शहरातलं नोमुरा या सामुराई घराण्याचं प्रसिद्ध घर घ्या. जागा आणि जुनी भिंत नोमुरांची, पण आज दिसणारी इमारत दुसरीकडून उचलून आणलेली एका व्यापाऱ्याची. १९७५ मध्ये वारसा जपण्याच्या कायद्यात बदल होऊन एकेका वास्तूऐवजी अख्ख्या वस्त्यांना संरक्षण मिळालं. १९७६ च्या पहिल्या यादीतच काकुनोदाते होतं.

दक्षिणेकडच्या सात्सुमा संस्थानाची तऱ्हा वेगळी. तिथल्या संस्थानिकांनी आपले सामुराई राजधानीत गोळा न करता प्रांतभर वसवले. चिरान ही त्यातलीच एक वस्ती. तिथे पाहायला मिळतात त्या मुख्यतः सात बागा, कारण घरांमध्ये लोक अजून राहतात.